बनगरवाडीचा मास्तर, माणदेशाचा लेखक

1955 हे वर्ष माडगूळकर बंधूंच्या चरित्रात विशेष महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी चैत्रात पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायणा’चे प्रसारण सुरू झाले आणि ग. दि. माडगूळकरांचे शब्द सुधीर फडके यांच्या स्वरांतून घराघरांत पोहोचले. त्याच वर्षी त्यांचे धाकटे बंधू व्यंकटेश यांची एक लहानशी कादंबरी पुस्तकरूपाने आली. तिच्यात राजपुत्र नव्हता, वनवास नव्हता, युद्धही नव्हते. माणदेशातील एक धनगरवस्ती, तिथल्या एकशिक्षकी शाळेवर नेमला गेलेला एक पोरसवदा मास्तर आणि शेवटी पडणारा दुष्काळ, एवढाच तिचा ऐवज होता. थोरल्या बंधूंच्या काव्याचे देशभर कौतुक झाले. धाकट्याच्या या कादंबरीचा गाजावाजा तुलनेने कमी झाला. परंतु मराठी माणूस आपल्या खेड्याकडे ज्या नजरेने पाहत होता, ती नजर तिने कायमची बदलून टाकली. ती कादंबरी म्हणजे ‘बनगरवाडी’.

व्यंकटेश दिगंबर माडगूळकर यांचा जन्म 1927 साली माडगूळ या गावी झाला. हे गाव आज सांगली जिल्ह्याच्या आटपाडी तालुक्यात येते. त्या काळी ते औंध संस्थानात होते. सह्याद्रीला अडून उरलेला पाऊस ज्या पट्ट्यात जेमतेम पोहोचतो, त्या पट्ट्यातला हा मुलूख. माण नदीच्या नावावरून त्याला माणदेश म्हणतात. पण वर्षाचे बरेच महिने त्या नदीत पाण्यापेक्षा वाळूच अधिक. खडकाळ माळ, बाभळी, बोरी, खिलार जनावरे, मेंढरांचे कळप आणि पावसाकडे डोळे लावून बसलेली माणसे हे तिथले दृश्य. वडील संस्थानच्या नोकरीत साधे कारकून होते. घरात माणसे बरीच आणि मिळकत बेताची होती. आई बनूताईंनी त्या ओढाताणीत संसार कसा रेटला, हे पुढे 1982 साली प्रसिद्ध झालेल्या ‘करुणाष्टक’ या कादंबरीत उतरले.

व्यंकटेशांचे शालेय शिक्षण व्हर्नाक्युलर फायनलच्या पलीकडे फारसे गेले नाही. परंतु माळावर आणि ओढ्याकाठी मिळालेले शिक्षण मोठे होते. कोणता पक्षी कोणत्या झुडपात घरटे करतो, ससा कोणत्या वेळी बाहेर पडतो, रामोशी माणूस रात्री कसा चालतो, धनगर आपल्या मेंढीला कळपातून नेमकी कशी ओळखतो, हे सारे त्यांनी लहानपणीच टिपले. हातात चित्रकाराची रेघ होती. चित्रकला रीतसर शिकण्याच्या ओढीने त्यांनी कोल्हापूरही गाठले. चित्रकार होण्याचे स्वप्न बाजूला राहिले, तरी पाहण्याची चित्रकाराची सवय मात्र सुटली नाही. त्यांच्या गद्यात माणूस प्रथम दिसतो आणि मग बोलतो, याचे मूळ त्या सवयीत आहे.

कोवळ्या वयातच त्यांच्यावर शाळामास्तर होण्याची वेळ आली. औंध संस्थानच्या एका खेड्यातील शाळेवर ते रुजू झाले, तेव्हा ते स्वतःच विद्यार्थी शोभावेत अशा वयाचे होते. औंध हे संस्थान आकाराने लहान आणि तुकड्यातुकड्यांत विखुरलेले, पण त्याची ख्याती वेगळी होती. राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार, सूर्यनमस्काराचे कट्टर पुरस्कर्ते आणि खेड्यापाड्यांत जातीने फिरणारे राज्यकर्ते होते. 1939 साली त्यांनी गांधीजींच्या सल्ल्याने राज्यघटना लागू करून कारभार ग्रामपंचायतींच्या हाती सोपविला. अशा संस्थानात मास्तर म्हणजे केवळ पाढे शिकविणारा माणूस नव्हता. पत्रे वाचायची, अर्ज लिहायचे, भांडणात मध्यस्थी करायची आणि सरकारशी बोलायचे झाले तर गावाची जीभ व्हायचे, ही सारी कामे त्याच्याकडे येत. पुढे ‘बनगरवाडी’तील राजाराम मास्तर ज्या पेचांतून जातो, त्यांचे बीज या दिवसांत पडले.

1942 च्या आंदोलनाने त्यांना घराबाहेर ओढले. पंधरा वर्षांचा हा मुलगा चळवळीत शिरला आणि काही काळ भूमिगत राहिला. ते दिवस सरल्यावर हाती ना पदवी होती ना नोकरी. लेखणी तेवढी होती. 1946 साली ‘अभिरुची’ मासिकाच्या स्पर्धेत त्यांच्या ‘काळ्या तोंडाची’ या कथेला पारितोषिक मिळाले. एका कुत्रीविषयीच्या त्या कथेने जाणकारांचे लक्ष वेधले. माणूस असो वा जनावर, त्याच्या जगण्याकडे सारख्याच गांभीर्याने पाहणारा एक लेखक मराठीत येत होता.

याच काळात त्यांनी आणखी एक शिक्षण स्वतःच्या हिमतीवर घेतले. शाळा अर्धवट सुटलेल्या या तरुणाने कोणाची शिकवणी न लावता इंग्रजी आत्मसात केले आणि इंग्रजी पुस्तके वाचण्यास सुरुवात केली. जॉन स्टाइनबेक, जॉर्ज ऑर्वेल यांच्याबरोबर ज्या लेखकाने त्यांना विशेष ओढ लावली, तो होता आयर्लंडचा लियाम ओफ्लाहर्टी. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडे अटलांटिकच्या लाटांत उभ्या असलेल्या अरन बेटांपैकी एका बेटावर 1896 साली ओफ्लाहर्टी जन्मला. तिथे माती इतकी अपुरी की, खडकावर वाळू आणि समुद्रशेवाळ पसरून शेत तयार करावे लागे. पहिल्या महायुद्धात जखमी होऊन परतलेल्या या माणसाने 1923 साली आपली पहिली कादंबरी प्रसिद्ध केली आणि तिच्यासाठी आपल्या बेटावरचेच जीवन निवडले. पुढे 1937 साली, बटाट्याच्या पिकावर पडलेल्या रोगाने आयर्लंडवर आणलेल्या एकोणिसाव्या शतकातील भीषण दुष्काळावर त्याने मोठी कादंबरी लिहिली. गाय, मासा, समुद्रपक्षी यांच्यावरील त्याच्या छोट्या कथा तर जगभर वाचल्या गेल्या.

समुद्राने वेढलेले ते बेट आणि समुद्र कधी न पाहिलेला माणदेश यांत वरवर काहीच साम्य नाही. पण खडकातून भाकरी काढणाऱ्या माणसाचे जिणे दोन्हीकडे एकच होते. आपल्या ओसाड मुलखाची लाज वाटू न देता, त्याला उगाच सजविता न सजविता, जसा आहे तसा तो जगासमोर मांडता येतो आणि तो मोठ्या साहित्याचा विषय होऊ शकतो, हा भरवसा अशा वाचनातून मिळणे स्वाभाविक होते. माडगूळकरांनी कोणाची नक्कल केली नाही. तशी गरजही नव्हती. अनुभव त्यांच्याजवळ होता, भाषा जवळ होती. बाहेरच्या वाचनाने त्यांना धीर दिला.

या धीराची कसोटी लवकरच लागली. 30 जानेवारी 1948 रोजी गांधीजींची हत्या झाली. मारेकरी ब्राह्मण असल्याचे कळताच पश्चिम महाराष्ट्रातील गावोगावी ब्राह्मणांची घरे जाळण्यात आली. माणदेशातील खेडीही त्यातून सुटली नाहीत. ज्या गावात पिढ्यानपिढ्या एकमेकांच्या सुखदुःखाला धावून जाणारी माणसे राहत होती, तिथे एका रात्रीत परकेपण उभे राहिले. अनेक कुटुंबांनी गाव सोडून शहराची वाट धरली. माडगूळकरांच्या पिढीतील कित्येक ब्राह्मण तरुणांचे गावाशी असलेले नाते त्या आगीत तुटले आणि त्या जागी कायमची कडवट आठवण राहिली.

माडगूळकरांनी त्या वर्षी काय केले, हे पाहण्यासारखे आहे. 1948 मध्येच ‘मौज’ साप्ताहिकातून त्यांची माणदेशी व्यक्तिचित्रे येऊ लागली आणि 1949 मध्ये ‘माणदेशी माणसं’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. रामोशी, महार, मुलाणी, न्हावी अशा गावगाड्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसांची ही चित्रे होती. गावातल्या आगीचा धूर निवलाही नसताना लिहिलेल्या या ओळींत कोठे राग नाही, तक्रार नाही, उपकाराची भाषाही नाही. धर्मा रामोशीचे दारिद्र्य सांगताना लेखक त्याच्यावर दया दाखवीत नाही. त्याचा ताठपणा तेवढा वाचकाला दिसेल अशी काळजी घेतो. ज्या गावाने आपल्या जातीची घरे पेटविली, त्याच गावातील माणसांना इतक्या निर्मळपणे न्याय देणे हे सोपे काम नव्हते. माडगूळकरांच्या साऱ्या लेखनामागे हा न्याय उभा आहे.

त्यापूर्वी मराठी साहित्यात खेडे नव्हते असे नाही. रविकिरण मंडळाच्या काळात खेड्यावरची गीते लोकप्रिय झाली होती. र. वा. दिघे यांनी ‘पाणकळा’सारख्या कादंबरीतून शेतकऱ्याचे जीवन रंगविले होते. पण पुष्कळदा खेडे म्हणजे शहरी वाचकाच्या करमणुकीचे साधन असे. कधी ते हिरवेगार आणि भोळेभाबडे असे, तर कधी गावगुंड आणि पाटलाच्या पोरीभोवती फिरणारे. दुसऱ्या महायुद्धानंतर मराठी कथेने कूस बदलली. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे आणि व्यंकटेश माडगूळकर ही नवकथेची चार प्रमुख नावे मानली गेली. इतर तिघांची कथा प्रामुख्याने पांढरपेशा मनाचा शोध घेत होती. माडगूळकरांनी नवकथेला माळावर नेले. ‘गावाकडच्या गोष्टी’, ‘हस्ताचा पाऊस’, ‘काळी आई’ हे कथासंग्रह 1951 ते 1954 या अवघ्या काही वर्षांत आले.

कथालेखक म्हणून नाव झाल्यावर मोठा पट हाती घेणे धोक्याचे असते. कथेतील काटकसर कादंबरीत कोरडेपणा ठरण्याची भीती असते. माडगूळकरांनी कादंबरीकार म्हणून पहिली मोठी झेप घेतली, ती काटकसर न सोडता. ‘बनगरवाडी’ला रूढ अर्थाने नायक नाही, प्रेमकथा नाही, खलनायक नाही. राजाराम विठ्ठल सौंदणीकर हा तरुण मास्तर पहाटेच्या अंधारात पायी निघून आडबाजूच्या वाडीवर येतो. सुरुवातीला शाळेला मुलेच नसतात. मेंढरांमागे फिरणाऱ्या पोराला अक्षरे कशाला हवीत, हा वाडीचा साधा प्रश्न. वाडीचा वृद्ध कारभारी हळूहळू मास्तराच्या पाठीशी उभा राहतो आणि वाडी त्याला आपला मानू लागते.

मग एकेक माणूस पुढे येतो. चोरी करणारा, पण ती लपवून न ठेवणारा आनंदा रामोशी. मास्तराच्या वाटेत काटे पसरणारा दादू बालट्या. कारभाऱ्याची लेक अंजी, जिच्या एका चोळीच्या निमित्ताने मास्तराच्या सरळ वागण्यावरही संशयाची सावली पडते. एकच बैल असलेला शेकू आणि दुसऱ्या बैलाच्या जागी स्वतः औताला खांदा देणारी त्याची बायको. या शेवटच्या प्रसंगावर दुसऱ्या एखाद्या लेखकाने पाने भरून करुणरस ओतला असता. माडगूळकर ते दृश्य दाखवितात आणि पुढे जातात. वाचक मात्र तिथेच थांबून राहतो.

मास्तर वाडीसाठी तालीम बांधण्याची कल्पना काढतो. सारी वाडी एकत्र येते, अंगमेहनत करते आणि तालमीच्या उद्घाटनाला खुद्द राजेसाहेब येतात. संस्थानी काळाचे एक विरून गेलेले चित्र या प्रसंगात जतन झाले आहे. माणसे एकत्र आली तर काय घडू शकते, याचा तो उत्सव आहे. आणि त्यानंतर पाऊस पाठ फिरवितो. कारभारी निघून गेलेला असतो. विहिरी आटतात, मेंढरे मरू लागतात, एकेक कुटुंब पोटामागे बाहेर पडते. जी वाडी माणूस माणूस जोडून उभी राहिली, ती घर घर करून रिकामी होते. शाळेत मुले नाहीत, वाडीत माणसे नाहीत, अशा स्थितीत मास्तरही निघतो. कादंबरी जिथे सुरू झाली त्याच वाटेवर संपते.

जेमतेम दीडशे पानांच्या या पुस्तकाची महत्त्वाकांक्षा इथे दिसते. एका व्यक्तीऐवजी एक संपूर्ण वस्ती जन्मते, जुळते आणि विखुरते, हे सांगण्याचे धाडस तिने केले. दुष्काळाला तिने नैसर्गिक आपत्तीच्या वर्णनापुरते वापरले नाही. माणसांनी बांधलेले नाते पावसाच्या एका हंगामावर किती अवलंबून आहे, हे तिने दाखविले. 1948 मध्ये माणसांनीच लावलेल्या आगीत गावपण जळताना पाहिलेल्या लेखकाने सात वर्षांनी एका वाडीच्या विखुरण्याची कहाणी लिहिली आणि तिच्यात कोणालाही दोषी ठरविले नाही, ही गोष्ट या कादंबरीच्या शांत स्वराला वेगळेच वजन देते.

त्या आगीविषयी त्यांना लिहायचे होतेच. त्यासाठी त्यांनी सोळा वर्षे घेतली. 1964 साली आलेल्या ‘वावटळ’मध्ये पुण्याहून आपल्या गावाकडे निघालेल्या तरुणांच्या वाटचालीतून तो जाळपोळीचा काळ उभा राहतो. तिथेही सूड किंवा शाप नाही. गमावल्याची जाणीव आहे, आणि हे कसे झाले असा न सुटलेला प्रश्न आहे. ‘बनगरवाडी’ आणि ‘वावटळ’ एकापाठोपाठ वाचल्या की, एकाच जखमेच्या दोन बाजू ध्यानात येतात.

चरितार्थासाठी माडगूळकरांनी वृत्तपत्रांत काम केले, मुंबईत चित्रपटांसाठी पटकथा-संवाद लिहिले आणि पुढे पुणे आकाशवाणीच्या ग्रामीण कार्यक्रम विभागात दीर्घकाळ नोकरी केली. गाव सुटलेला लेखक रोज गावासाठी बोलत राहिला. शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांच्यासह त्यांनी केलेल्या कथाकथनाच्या कार्यक्रमांनी महाराष्ट्रभर गर्दी खेचली. नाटकांतही ‘तू वेडा कुंभार’, ‘पति गेले ग काठेवाडी’ अशी त्यांची मुशाफिरी झाली.

उत्तरायुष्यात ते रानाकडे अधिक वळले. तरुणपणी हाती असलेली बंदूक मागे पडली आणि दुर्बीण, वही, रेखाटने सोबतीला आली. ‘नागझिरा’ हे त्या जंगलमुक्कामाचे फळ. 1982 मधील ‘सत्तांतर’मध्ये त्यांनी वानरांच्या टोळ्यांतील सत्तासंघर्ष चितारला आणि 1983 चा साहित्य अकादमी पुरस्कार या लहानशा कादंबरीला मिळाला. त्याच वर्षी अंबाजोगाईच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. ऑगस्ट 2001 मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले.

‘बनगरवाडी’ मात्र आपल्या वाटेने चालत राहिली. 1958 साली राम देशमुख यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद ‘द व्हिलेज हॅड नो वॉल्स’ या नावाने आला. 1995 साली अमोल पालेकरांनी तिच्यावर चित्रपट केला. मास्तराच्या भूमिकेत चंद्रकांत कुलकर्णी होते, आणि त्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला. ज्याने परक्या भाषेतून दूरच्या बेटावरचे जिणे समजून घेतले, त्याचा माळ अशा रीतीने परक्या भाषेत गेला.

महानगरात राहणाऱ्या वाचकाला या कादंबरीशी आपला संबंध काय, असे वाटू शकते. मुंबईच्या उत्तरेस, भाईंदरहून उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्यावर मुर्धा, राई, मोर्वा ही गावे एकापुढे एक लागतात. कागदोपत्री ती मीरा-भाईंदर महापालिकेचा भाग आहेत, तरी त्यांच्या नावामागे गाव हा शब्द अजून लोक लावतात. बनगरवाडीतून माणसे निघून गेली. अशा गावांकडे शहरच चालत आले. एक वस्ती रिकामी होऊन हरवते, दुसरी भरून जाऊन हरवू शकते. दोन्ही ठिकाणी मागे उरते ते कोणीतरी लिहून ठेवले तरच. कोण कोणाच्या शेतात राबत होते, कोणाच्या ओट्यावर संध्याकाळी माणसे बसत, कोणाच्या हाताला कोणते कसब होते, हे नगर आराखड्यात सापडत नाही.

माडगूळकरांनी ते माणदेशापुरते लिहून ठेवले. त्या वाडीला एक तरुण मास्तर मिळाला, ज्याने तिला अक्षरे शिकविली; आणि त्या मास्तराला एक लेखक मिळाला, ज्याने वाडी उठून गेल्यावरही तिच्यातील एकेका माणसाचे नाव पुसू दिले नाही.